डीबगरला प्रश्न विचारताना

या मालेत आपण ज्ञानाची साधनं हा विषय घेऊन चाललो आहोत. प्रत्यक्ष झालं, अनुमान झालं. आज मात्र आम्ही तुम्हाला संगणकाच्या एका कोपऱ्यात नेणार आहोत. चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्याला प्रश्न विचारणं, आणि तेही आपण हातानं न विचारता एका छोट्या स्क्रिप्टकडून विचारून घेणं, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय रस, असं काहींना वाटेल. आम्ही निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकायला लागलो तेव्हा आम्हालाही तसंच वाटत होतं. पण या एका गोष्टीपायी आम्ही एका भल्या माणसावर संशय घेऊन बसलो, आणि तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. डीबगर म्हणजे काय? प्रोग्रॅम भराभर चालत असतो, त्याच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. डीबगर त्याला आपण सांगू त्या ओळीवर थांबवतो. या थांब्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. थांबल्यावर आपण विचारायचं: या क्षणी 'एकूण' या नावाखाली काय साठवलंय? 'वर्गणी वजा जमा' याचं उत्तर किती येतं? असा जो नाव, आकडे आणि चिन्हांनी बनलेला तुकडा, त्याला एक्स्प्रेशन म्हणतात. आपण त्याला पद म्हणू. पद दिलं की डीबगर त्याचं मूल्य काढून देतो.

जीडीबी नावाचा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. २००९ मध्ये त्याच्या ७.० या आवृत्तीत पायथन भाषेची सोय आली. म्हणजे डीबगरला दर वेळी हातानं प्रश्न टंकत बसायला नको, पायथनमध्ये चार ओळी लिहून ठेवायच्या आणि त्या ओळींनी प्रश्न विचारायचे. त्यासाठीच्या फंक्शनचं नाव आहे 'पार्स अँड इव्हॅल'. त्याला अवतरण चिन्हांत एक पद द्यायचं, ते मूल्य आणून देतं. दुसरा प्रसिद्ध डीबगर एलएलडीबी. त्यात हेच काम 'इव्हॅल्युएट एक्स्प्रेशन' करतं. इतकी प्रस्तावना पुरे.

आता आमची गोष्ट. आम्ही ज्या वाचनालयाचे सभासद आहोत तिथे वर्गणीचा हिशोब ठेवणारा एक जुना प्रोग्रॅम आहे, सी भाषेतला. कोणा सभासदाच्या मुलानं कॉलेजात असताना लिहून दिलेला. वर्षअखेरीला त्यानं छापलं: एकूण थकबाकी ६०० रुपये. खजिनदार म्हणाले, "अहो, यंदा एकही बाकी नाही. ३१२ सभासद, ३१२ जणांची पूर्ण वर्गणी जमा आहे." प्रोग्रॅम फक्त बेरीज छापत होता, कोणाची बाकी ते सांगत नव्हता. कार्यकारिणीत कुजबुज सुरू झाली. रक्कम मोठी नव्हती, पण हिशोबाच्या बाबतीत माणसं रकमेवर जात नाहीत. आम्ही उत्साहानं म्हणालो, आम्ही शोधून काढतो.

आम्ही घरी बसलो. जिथे प्रत्येक सभासदाची बाकी बेरजेत मिळवली जाते, त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. त्याला पायथनची स्क्रिप्ट जोडली. स्क्रिप्टचं काम असं: दर वेळी थांबलं की विचारायचं, 'या सभासदाची बाकी शून्य आहे का?' उत्तर 'नाही' आलं तर नाव छापायचं आणि पुढे जायचं. स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर नावांची रांगच लागली. सगळ्यांची नावं! म्हणजे सगळ्यांचीच बाकी! आम्ही त्याच पावली अध्यक्षांना फोन केला की, खजिनदारांना विचारायला हवं, प्रकरण मोठं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खजिनदार कापडी पिशवीत पावतीपुस्तकं घेऊन आमच्या दारात उभे. चहासुद्धा घेतला नाही. एकेक पावती उलटून दाखवायला लागले. सत्तेचाळिसावी पावती आमचीच होती, एप्रिलमध्ये भरलेली. आणि आदल्या रात्रीच्या यादीत सत्तेचाळिसावं नावही आमचंच होतं. आमची स्वतःची पावती आमच्या कपाटात होती, आणि तरी आम्ही ती यादी खरी मानून फोन केला होता. आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही गत.

ते गेल्यावर आम्ही पुन्हा पडद्यासमोर बसलो, आणि तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, त्या रात्री प्रोग्रॅमनं शेवटी स्वतः जी बेरीज छापली होती ती ६०० नव्हती, शून्य होती. स्क्रिप्ट म्हणते सगळ्यांची बाकी आहे, प्रोग्रॅम म्हणतो कोणाचीच नाही. दुसरी, यादीतली नावं ३१२ नव्हती, ३१३ होती. पहिल्या गोष्टीचा उलगडा आधी करू.

सी भाषेत 'समान आहे का?' हे विचारायला बरोबरची दोन चिन्हं लागतात: 'बाकी == ०'. एकच चिन्ह टाकलं, 'बाकी = ०', तर तो प्रश्न राहत नाही, ती आज्ञा होते: बाकीत शून्य भर. आम्ही एकच चिन्ह टाकलं होतं. आणि पुढची गंमत बघा. या आज्ञेलाही मूल्य असतं, जे भरलं तेच, म्हणजे शून्य. आणि सीच्या व्यवहारात शून्याचा अर्थ 'नाही'. म्हणजे आमची समजूत अशी की आम्ही विचारतोय 'बाकी शून्य आहे का?' आणि उत्तर येतंय 'नाही'. प्रत्यक्षात काय होत होतं? आम्ही प्रत्येकाची बाकी शून्य करत होतो, आणि ती शून्य झाल्याची पोचपावती 'शून्य नाही' अशी वाचत होतो.

आता कोणी म्हणेल, पायथन अशी चूक पकडतं. खरं आहे. पायथनमध्ये 'जर'च्या अटीत एकच बरोबर टाकलं तर ते पुढे जाऊच देत नाही, चूक दाखवतं. पण आमचं पद अवतरण चिन्हांत होतं. पायथनच्या दृष्टीनं ती नुसती अक्षरांची माळ. तिच्यात काय लिहिलंय हे पायथन बघत नाही, जसं टपालवाला पाकीट फोडून पत्र वाचत नाही. पाकीट फोडतो डीबगर, आणि तो ते सीच्या नियमांनी वाचतो. एका ओळीत दोन भाषा नांदत असतात आणि त्यांच्या मधली हद्द म्हणजे ते अवतरण चिन्ह. तर्कशास्त्रात आपण शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख असा भेद शिकवतो. 'पुणे मोठं आहे' यात शब्दाचा वापर, ''पुणे' दोन अक्षरी आहे' यात उल्लेख. आमच्या विद्यार्थ्यांना हा भेद नेहमी कोरडा वाटायचा. त्या रात्री तो आमच्याच अंगावर आला. पायथनसाठी जो उल्लेख होता तो डीबगरसाठी वापर होता.

आणखी एक. हातानं विचारलं असतं तर ही चूक एकदा झाली असती, एका सभासदाच्या बाबतीत, आणि कदाचित लक्षातही आली असती. स्क्रिप्टनं ती ३१३ वेळा केली, एकदाही न अडखळता. सोय ही चुकीचीही सोय असते.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपानं आली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, जगात काहीतरी घडवतात. नव्या जहाजाला नाव देताना उच्चारलेलं वाक्य खरं की खोटं असं विचारता येत नाही, त्या वाक्यानं जहाजाला नाव मिळालेलं असतं. डीबगरच्या पदांत हे दोन्ही प्रकार असतात आणि वरवर बघता ते सारखेच दिसतात. दोघांनाही मूल्य असतं, दोघंही उत्तर दिल्यासारखे वागतात. जीडीबीच्या माहितीपुस्तकात हे लपवलेलं नाही. तिथे सांगितलंय की 'प्रिंट' या आज्ञेला असं भरण्याचं पद दिलं तर ते आधी भरलं जातं, मग छापलं जातं. ब्रेकपॉइंटला जोडलेल्या स्क्रिप्टबद्दल तर नियमच दिलाय, की त्या वेळी साधारणपणे डीबगरमधलं किंवा प्रोग्रॅममधलं काहीही बदलू नये. आम्ही तो नियम वाचला होता. आम्ही तो मोडतोय हे मात्र आम्हाला दिसलं नाही, कारण आमच्या मनात प्रश्न होता.

इथे थोडं थांबून आणखी तीन ठिकाणं दाखवतो, जिथे असाच घोळ होतो. आमचा अनुभव एका चिन्हाचा होता, पण प्रश्न मोठा आहे.

पहिलं ठिकाण, संदर्भ. 'इथे', 'आत्ता', 'मी' या शब्दांचा अर्थ कोण, कुठे, केव्हा बोलतंय त्यावर ठरतो. डीबगरमधल्या नावांचंही तसंच आहे. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. प्रत्येकाची आपापली चौकट असते, तिला फ्रेम म्हणतात. तिन्हींत 'एकूण' नावाचं काही असू शकतं आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नसतो. घरात तीन पिढ्यांतल्या तीन बायकांना 'सूनबाई' म्हणत असतील तर हाक मारणारा कोण हे कळल्याशिवाय कोणाला बोलावलं ते कळत नाही, तसं. 'पार्स अँड इव्हॅल' हे पद सध्या निवडलेल्या चौकटीत सोडवतं. म्हणून चांगली स्क्रिप्ट चौकट गृहीत धरत नाही, ती हातात घेते आणि तिलाच विचारते. एलएलडीबीत 'एलएलडीबी डॉट फ्रेम' असं एक सोयीचं नाव मिळतं, पण ते समोर बसून टंकताना वापरायचं. साठवून ठेवलेल्या स्क्रिप्टमध्ये ते वापरू नका, असं त्यांचंच सांगणं आहे. तिथे चौकट फंक्शनला हातात दिली जाते, ती घ्यायची.

दुसरं ठिकाण, काळ. जीडीबीत तुम्ही एका नावाचं मूल्य मागितलंत की ते लगेच आणलं जातंच असं नाही. डीबगर मनाशी म्हणतो, 'लागेल तेव्हा आणू.' अशा मूल्याला आळशी मूल्य म्हणतात. यात वेळ वाचतो, हे चांगलंच. पण तुम्ही ते मूल्य खिशात ठेवलंत, प्रोग्रॅमला पुढे जाऊ दिलंत, आणि मग खिशातून काढून बघितलंत, तर तुम्हाला त्या वेळचं नाही, आताचं दिसेल. तुमची समजूत मात्र राहते की ही मघाची नोंद आहे. उपाय सोपा: थांबलेले असतानाच त्याचं साध्या आकड्यात रूपांतर करून घ्या, म्हणजे ते तिथल्या तिथे आणावंच लागतं. साक्षीदाराचा जबाब घटनास्थळीच लिहून घ्यावा, म्हणतात ना.

तिसरं ठिकाण, अभाव. आपल्या न्याय-वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे प्रकार केले. घडा अजून घडलेलाच नाही, हा प्रागभाव. घडा फुटला, हा प्रध्वंसाभाव. 'नाही' म्हणण्याचे इतके प्रकार कशाला, असं विद्यार्थी विचारायचे. डीबगरमध्ये बसा म्हणजे कळेल. या नावाचं इथे काही नाही, हे एक 'नाही'. नाव आहे, पण भाषांतर करणाऱ्या कंपायलरनं वेग वाढवण्यासाठी ते मूल्य काढूनच टाकलंय, हे दुसरं. पत्ता आहे पण तिथली मेमरी वाचता येत नाही, हे तिसरं. आणि मूल्य अजून भरलेलंच नाही, पण त्या जागी आधीचा काही कचरा पडलाय, हे चौथं. हे सगळ्यात फसवं, कारण तिथे 'नाही' असं न दिसता एक आकडा दिसतो.

या अभावांना शून्य समजणं ही मोठी चूक. आणि काही वेळा साधनंच ती चूक करायला मदत करतात. जीडीबीत मूल्य काढता आलं नाही तर पायथनमध्ये अपवाद उठतो, स्क्रिप्ट अडते, तुम्हाला कळतं. एलएलडीबीत तसं होत नाही. तिथे एक वस्तू परत मिळते, आणि तिच्यातच चूक झाली की नाही ते नोंदलेलं असतं. तुम्ही विचारलंत तर सांगते. न विचारता सरळ 'गेट व्हॅल्यू ॲज अनसाइन्ड' म्हणून आकडा मागितलात, तर अपयश आलं तरी हातात शून्य पडतं, कारण अपयशाचा आकडा तुम्ही वेगळा दिला नाहीत तर तो शून्य धरलेला असतो. 'शिल्लक शून्य' आणि 'शिल्लक किती ते कळलं नाही' यांतला फरक बँकेत कोणालाही समजतो. स्क्रिप्टमध्ये तो आपल्याला मुद्दाम जपावा लागतो.

आता आमच्या चुकीपेक्षाही खोल जाणारी एक गोष्ट. पदात फंक्शनचं नाव आलं, समजा 'सभासद संख्या काढ', तर डीबगर ते फंक्शन वाचत नाही, तो ते थांबलेल्या प्रोग्रॅममध्ये खरोखर चालवतो. एलएलडीबी तर तुमचं पद क्लँग या कंपायलरकडून तयार करून घेतो, आणि गरज पडल्यास ते यंत्रभाषेत उतरवून त्या प्रोग्रॅमच्या पोटात चालवतो. त्या फंक्शननं फाइलमध्ये काही लिहिलं तर ते लिहिलं जातं. त्याला एखादं कुलूप हवं असेल आणि ते कुलूप थांबलेल्या दुसऱ्या धाग्याच्या हातात असेल, तर ते वाट बघत बसतं. म्हणून तिथे किती वेळ थांबायचं, एका धाग्यानं जमलं नाही तर बाकीचे धागे चालू करायचे का, चूक झाली तर सगळं पूर्ववत आणायचं का, असे पर्याय ठेवलेले आहेत. प्रश्नाला इतके पर्याय लागतात याचाच अर्थ तो नुसता प्रश्न नाही.

मग करायचं काय? विचारणं सोडायचं? नाही. फक्त पाहणं आणि पद सोडवणं हे वेगळं ठेवायचं. एलएलडीबीत 'फ्रेम व्हेरिएबल' ही आज्ञा आहे, आणि स्क्रिप्टसाठी 'गेट व्हॅल्यू फॉर व्हेरिएबल पाथ'. ही कोणतंही पद सोडवत नाहीत, नावाच्या वाटेनं जाऊन जे आहे ते वाचतात. जीडीबीत चौकटीकडून थेट नाव वाचून घेता येतं, आणि तुलना आपण पायथनच्या बाजूला करावी, अवतरण चिन्हांच्या बाहेर, जिथे एकच बरोबर टाकलं तर पायथन आपला हात धरेल. शिवाय जीडीबीत 'मे राइट मेमरी' नावाची सेटिंग आहे. ती बंद केली की पदातून मेमरीत काही भरता येत नाही. 'मे कॉल फंक्शन्स' बंद केली की फंक्शन बोलावता येत नाही. दोन्ही मुळात चालू असतात. आम्ही आता तपासाला बसलो की आधी त्या बंद करतो. त्या रात्री पहिली बंद असती तर यादी छापलीच गेली नसती, चुकीचा संदेश आला असता आणि आम्ही फोनकडे वळलो नसतो.

आता राहिलं ते ३१३वं नाव. आम्ही बरोबरची दोन चिन्हं टाकून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. या वेळी एकच नाव छापलं गेलं, शेवटचं, आणि ६०० रुपये त्याच्याच खात्यावर. ते गृहस्थ आदल्या वर्षी गाव सोडून मुलाकडे राहायला गेले होते, यंदाच्या यादीत नव्हतेच. प्रोग्रॅम आधी मागच्या वर्षीची यादी मेमरीत भरत होता आणि तिच्यावरच यंदाची लिहीत होता. यंदा सभासद कमी, म्हणून जुन्या यादीचं शेपूट तसंच राहिलं. आणि मोजणाऱ्या ओळीत 'पेक्षा कमी' असायला हवं होतं तिथे 'पेक्षा कमी किंवा समान' लिहिलं होतं. एक पाऊल जास्त पडलं आणि ते शेपटावर पडलं. म्हणजे खजिनदारांचं म्हणणं पहिल्यापासून अक्षरशः खरं होतं: ३१२ सभासद, एकही बाकी नाही.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. ते म्हणाले, "सर, मशीनवर माझा राग नाही. तुम्ही फोन करण्याआधी मला एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं." पुढच्या सभेत आम्ही उभं राहून सगळा प्रकार सांगितला, चिन्हासकट. ते आजही खजिनदार आहेत. आम्हाला पावती देताना मात्र आकडा मोठ्यानं वाचून दाखवतात.

विषय इथे संपवू. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत त्यांच्यापासून सुरुवात करूया.